हैबतीची तिसरी घंटा

फार वर्षांपूर्वीची, म्हणजे आमच्या आजोबांच्या चड्डीला अजून नाडी होती तेव्हाची ही गोष्ट. तांबेखोऱ्याच्या शाळेला स्वतःचं नाटकघर होतं. कौलारू, लाकडी तुळयांचं. आणि त्या नाटकघराला हैबती होता. हैबती शाळेचा शिपाई. आढ्याला टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर हातोडीनं तीन घंटा द्यायच्या, हे त्याचं काम. तिसरी झाली की दार बंद. मग खुद्द पाटील आला तरी आत सोडायचा नाही.

या नियमानंच एकदा घात केला. चौथीतल्या अनसाला दूताचं काम मिळालं होतं. वाक्य एकच, 'महाराज, सगळे सुखरूप घरी आले!' महिनाभर पोरगी म्हशींना ते ऐकवत होती. नाटकाच्या दिवशी नेमकं ओढ्याला पाणी आलं. ती पोचली तेव्हा तिसरी घंटा होऊन गेली होती. तिचं वाक्य दुसऱ्याच कुणी म्हटलं आणि तिनं ते बंद दाराबाहेर उभं राहून ऐकलं. त्यानंतर ती शाळेत आलीच नाही. पुढं लग्न होऊन कुठं तीन डोंगरांपलीकडे गेली. हैबतीच्या मनात मात्र ते सलत राहिलं.

वर्षं गेली. तुळयांना वाळवी लागली. सुतार म्हणाला, "एक पावसाळा बी निघायचा न्हाई." मग गावानं ठरवलं, तेच जुनं नाटक, त्याच जुन्या मुलांनी करायचं, नाटकघराचा निरोप घ्यायचा आणि मग ते उतरवायचं. मुलं कसली, टकलं पडलेले बाप्येच ते! सगळे जमले. अनसा कुठल्या गावी दिली, हे मात्र कुणालाच धड आठवेना.

हैबतीनं पहिली घंटा दिली. मग दुसरी. ती त्यानं अशी दिली, की पाखरं उडाली, डोंगर घुमले. आणि हातोडी छातीशी धरून तो उभा राहिला.

"हैबतीदादा, तिसरी द्या की!" हेडमास्तर म्हणाले.

"अनसा आल्याबिगर न्हाई."

"अहो, ती कुठली येतेय आता?"

"मास्तर, मागं म्या घाई केली. आता करायचो न्हाई."

असं म्हणतात, तीन दिवस तो तसाच उभा होता. राजा मुकुट घालूनच भाकरी खात होता. घर पाडायला आलेले गडीसुद्धा पहारी टेकून बसले. वाळवीनंही म्हणे तेवढे दिवस उपास धरला.

तिसऱ्या दिवशी दुपारी ओढ्याकडून एक बाई धावत आली. केस पांढरे, दोन्ही हातांना वाळलेलं पीठ. भाकरी थापताना तिनं घंटा ऐकली होती, आणि परात तशीच टाकून ती निघाली होती.

हैबतीनं दार सताड उघडलं. "ये बाय," तो म्हणाला, "तुझ्यासाठीच थांबलोय." आणि त्यानं तिसरी घंटा दिली.

नाटक झालं. अनसा मंचावर आली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "महाराज, सगळे सुखरूप घरी आले!" राजा रडत होता, सगळं गाव रडत होतं.

माणसं बाहेर पडली. सर्वांत शेवटी रुळाचा तुकडा खांद्यावर घेऊन हैबती निघाला. त्याचं दुसरं पाऊल उंबऱ्याबाहेर पडलं, आणि मागं ते घर थकलेल्या म्हशीसारखं हळूच खाली बसलं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, असं म्हणतात.

आता शाळेला नवं सभागृह आहे, पण घंटा तीच. दुसरी झाली की शिपाई दारात जाऊन ओढ्याकडे बघतो आणि ओरडतो, "कोन ऱ्हायलंय का?" मग सगळे थांबतात.

गेल्या वर्षी तालुक्याहून आलेले पाहुणे घड्याळ दाखवू लागले. शिपाई म्हणाला, "साहेब, जरा दम धरा. ओढ्यापल्याडची एक पोर यायची हाय."

पाहुणे घड्याळ झाकून बसले.