महाराजांचं तोंडीलावणं

"भाकरी आणा!" मंगळगडचे राजे रणधवल एवढंच म्हणायचे. भाकरीबरोबर काय आणायचं, ते कधीच सांगायचे नाहीत. गणोबा आचाऱ्याने पिठलं वाढलं की गरजायचे, "परवाच तर खाल्लं!" भरीत वाढलं की, "हे कुणी सांगितलं होतं?" सांगितलं कुणीच नव्हतं, हीच तर रड होती!

शेवटी महाराजांनीच फर्मान काढलं. "मुदपाकखान्याच्या दारावर दगडात एकच ओळ कोरा! मी तोंडीलावणं सांगितलं नाही, तर काय वाढायचं? ते त्यात हवं. एकदा कोरलं की अक्षर बदलायचं नाही, मला विचारायला यायचं नाही आणि रोज तेच ते वाढायचं नाही! उद्या सकाळी ओळ दिसली नाही, तर गणोबा, बायकोला घेऊन राज्याबाहेर चालू लाग!"

गणोबाच्या तोंडचं पाणी पळालं. घरी येऊन तो कपाळाला हात लावून बसला. "अगं, पिठलं कोरलं तर रोज पिठलं! भरीत कोरलं तर रोज भरीत! दगड बदलत नाही आणि महाराजांची जीभ एका जागी ठरत नाही!"

त्याची बायको सगुणा मुदपाकखान्यात वाटण वाटायची. ती म्हणाली, "अहो, पण पदार्थाचंच नाव कोरा असं कुठं म्हणालेत ते?" आणि ती तडक पाथरवटाकडे गेली.

सकाळी दारावर ओळ झळकली : 'महाराजांनी तोंडीलावणं सांगितलं नाही, तर त्या दिवशी राणीसाहेबांच्या ताटात असेल ते.'

राणीसाहेब आपलं तोंडीलावणं न चुकता सांगून पाठवायच्या, तेही रोज नवं. आठवडाभर महाराज बोटं चाटत जेवले. आठव्या दिवशी सगुणाने ताटात वाढलं कारलं!

"सगुणा!" महाराज कडाडले. "दगडात कारलं कोरलंय का?"

"नाही महाराज, ताट कोरलंय! त्यात काय असावं, ते राणीसाहेब ठरवतात. त्यांना सांगू का, महाराजांना तुमची निवड आवडली नाही म्हणून?"

शेजारच्या पाटावरून राणीसाहेबांनी मान वर केली. "काय झालं कारल्याला?"

"क... काही नाही! झकास झालंय!" महाराजांनी भला मोठा घास गिळला.

"दुसरं काही हवं असेल, तर महाराजांनी भाकरीबरोबरच सांगावं," सगुणा म्हणाली. "सांगितलं की दगडाकडे बघतंय कोण? तोंडीलावण्यासाठी तोंड तेवढं उघडावं लागतं!"

महाराजांना हसू आवरेना. "शाबास! बोल, काय बक्षीस हवं?"

सगुणा गप्पच.

"अगं, सांग की! नाही सांगितलंस तर मी द्यायचं काय?"

"नाही सांगितलं, तर राणीसाहेबांच्या हातात असेल ते!"

राणीसाहेबांच्या हातात सोन्याच्या पाटल्या होत्या! त्यांनी त्या उतरवून सगुणाच्या हातात घातल्या आणि महाराजांकडे वळून म्हणाल्या, "आता माझ्या नव्या पाटल्या कशा हव्यात, ते मात्र मी सांगणार आहे. सविस्तर!"

महाराज पोट धरून हसले, ते थेट ठसका लागेपर्यंत.