न धुतलेली मोरखी

करकर, करकर. आडवी पडलेली घोडी दात खात होती. येसू पुढं म्हातारा झाला, त्याला कमी ऐकू यायला लागलं, तरी तो आवाज काही त्याच्या कानातून गेला नाही.

फार वर्षं झाली त्याला. माणदेशातल्या बाभूळदऱ्यात मानकोजी पाटलांची चांदणी नावाची घोडी होती आणि येसू तिला सांभाळायचा.

तेव्हा जनावरांचा डॉक्टर कुठला? ठकू धनगरीण होती. तिला गाव नव्हतं, मेंढरं नेतील तिथं ती. आजारी जनावर चालत नाही, म्हणून त्याच्या तोंडावरची दोरीची मोरखी तेवढी तिच्याकडं न्यायची. मोरखी हुंगून ती दुखणं सांगायची, असं म्हणतात. तीन कोसांवरच्या बैलाचं कण्हणं तिला त्या दोरीतून ऐकू यायचं, असंही म्हणतात.

चांदणीला दृष्ट लागली, असं घरात सगळे म्हणाले. खरं काय ते येसूलाच ठाऊक होतं. पहाटे त्यानंच तिला दंवानं भिजलेल्या हरभऱ्यात सोडलं होतं, लाडानं. पाटलांना कळलं तर चांदणी वाचली तरी तिचं तोंड पुन्हा बघायला मिळणार नव्हतं. म्हणून त्यानं ओढ्यावर मोरखी राखेनं घासली, हिरवे डाग काढले आणि माळावर ठकूआईकडं पळाला.

ठकूआईनं मोरखी हुंगली. "कुणाच्या लग्नाला निघालीय रं ही?"

"घोडीची हाय, आई."

"व्हती. आता नुसती दोरी हाय. हिच्यावरनं काय सांगू मी?"

सकाळी पोटात कळ आली तेव्हा चांदणीनं येसूच्या खांद्यावर तोंड टेकलं होतं. सदऱ्यावर वाळलेला तो फेस ठकूआईनं बोटानं चाखला.

"आंबट. हरभरा. किती खाल्ला?"

"पोटभर," येसू म्हणाला आणि त्याला रडू फुटलं.

"मागनं रड. आदी चल."

तिनं चांदणीला तेलात हिंग-ओवा कालवून पाजला, उठवलं आणि पाटलांच्या खळ्याभोवती चालवायला लागली. मधेच पोटाला कान लावून ती काही पुटपुटायची आणि आतून उत्तर यायचं, असं म्हणतात. घोडी चालत होती तोवर सूर्य टेकडीवर थांबून राहिला, असं म्हणतात. शेवटी चांदणीनं शेपूट उचललं आणि लीद टाकली. मानकोजी पाटील त्या लिदीच्या पाया पडायचे तेवढे राहिले. मग सूर्य एकदम बुडाला.

खळ्याभोवतीच्या त्या वाटेवर अजून गवत उगवत नाही. आता गावात दवाखाना आहे, डॉक्टरला फोन करतात. पण तो दारात आला की ठकूआईच्या नावानं त्याच्या हातात आधी जनावराची मोरखी देतात, न धुतलेली, आणि जे घडलं ते खरं सांगतात. चूक कुणाची, हे मालक विचारत नाही.

पाटलांनी त्या संध्याकाळी विचारलं होतं. "बाई, हिला झालं तरी काय होतं?"

येसूनं डोळे मिटून घेतले. ठकूआईनं मोरखी त्याच्या खांद्यावर ठेवली, काठी उचलली आणि मेंढरांच्या दिशेनं निघून गेली.