बुडालेलीची नोंद

"एकानंही विश्वास ठेवला नाही माझ्यावर. तुम्ही तरी ठेवाल का, बाबा?"

म्हातारी ओताकी देवळाच्या पायरीवर बसली होती. जपानच्या त्या किनाऱ्यावर समुद्राच्या तळाशी उतरून शिंपले काढायच्या तिथल्या बायका. कमरेला दोरी बांधून. नवरा वर होडीत टोक धरून बसणार, खालून हिसका आला की ओढून घेणार.

ओताकीची लेक खालीच राहिली.

"तीन हिसके दिले तिनं. मी शेजारीच पाण्यात होते, या डोळ्यांनी दोरी हलताना बघितली. अन् जावई चिलीम भरत बसला होता, पलीकडच्या होडीशी गप्पा हाणत!"

वृद्ध गुरू होजुन शिष्याकडे वळले. "गेन्सुई, वहीत काय लिहिलंस?"

गेन्सुई मोठ्या मठात शिकून आलेला. अक्षर मोत्यासारखं, अन् मान खुंटीसारखी ताठ. गावातल्या मेलेल्यांची वही त्याच्याच ताब्यात.

त्यानं वाचलं, "होडीवाल्याची बायको. हव्यासापायी बुडाली."

"हव्यास?"

"टोपली भरलेली सापडली, गुरुदेव. तरी अजून हवं होतं तिला."

"मेल्या, टोपली भरली की वर यायचं असतं!" ओताकी कडाडली. "रिकाम्या टोपलीनं खाली थांबतं माणूस. आता येत्या हंगामात माझ्या नातीला बांधतील त्याच दोरीला. बाप ना तो! त्याचाच हक्क."

"पण दोरी हललीच नाही, अशी एवढ्या पुरुषांनी साक्ष दिली…" गेन्सुई म्हणाला.

"ते होडीत होते. कोरडे."

होजुन उठले. गेन्सुईला अंगणातलं पाण्याचं पिंप दाखवलं.

"डोकं आत घाल. श्वास संपला की माझी बाही ओढ."

गेन्सुई हसला, डोकं घातलं. गुरूंनी त्याच्या मानेवर हात ठेवला.

थोड्या वेळानं बाही ओढली गेली.

"यंदा शिंपले बरे लागले का हो, बाई?" होजुननी विचारलं.

पुन्हा ओढली…

"आणि वारा कसाय?"

तिसऱ्यांदा. गेन्सुई पाय झाडायला लागला.

"सोडा त्याला! कुणाचं तरी लेकरू आहे!" म्हातारीनं धावत येऊन गुरूंचा हात हिसडून टाकला. पोराला मानगुटीला धरून वर काढलं, पाठीत धपके घातले.

"तीनदा…" त्याच्या नाकातोंडातून पाणी येत होतं. "तीनदा ओढली मी बाही!"

"मला नाही जाणवलं," होजुन म्हणाले. "तुलाच पाण्याचा हव्यास."

"हव्यास? अहो, जीव जात होता माझा! या होत्या ना इथं! यांनी बघितलंय. यांना विचारा…"

तो थांबला.



मग तो उठला. वही आणली. ओल्या हातानं ती ओळ खोडली.

"आई… लेकीचं नाव काय होतं?"

"मित्सु."

त्यानं लिहिलं. कुंचला अडला.

"हव्यासाच्या जागी काय लिहू, गुरुदेव?"

"जावयाचं नाव लिही. कान्पेई."