निखारज्वराचा उतारा

एका राज्यात, जिथल्या नद्या वर्षातून एकदा डोंगर चढून आपल्या उगमाला भेटून येत, तिथे वज्रकेतू नावाचा राजा राज्य करी. त्याची कन्या इंदुलेखा. शहाणी, धीट आणि तोंडाने फटकळ. पण काही निमित्त नसता तिच्या अंगात जणू निखारा पेटे. ज्वर चढे, पोटात कळा येत, गुडघे कवठाएवढे सुजत. काही दिवसांनी सारे आपोआप ओसरे. राजवैद्य पालखीतून डुलत येई, तोवर राजकन्या बरी झालेली असे. नाडी धरून तो म्हणे, "प्रकृती ठणठणीत. नृत्याच्या तालमीचा कंटाळा, दुसरे काही नाही."

राजाला कधी ज्वर येत नसे. तो अधूनमधून दार लावून घेई, आणि द्वारपाल ओरडे, "महाराज चिंतनात आहेत!" एके दिवशी इंदुलेखेने दाराआडून त्या चिंतनाचे कण्हणे ऐकले. हे कण्हणे तिच्या चांगल्या ओळखीचे होते. म्हणजे दुखणे कुळातलेच होते. तिने खोगीर चढवले आणि तडक धूम्रनाथ मांत्रिकाचे वारूळ गाठले.

"आमच्या कुळाला तुम्ही शाप दिलात काय?"

"दिला असेन," धूम्रनाथ जांभई देत म्हणाला. "तरुणपणी पुष्कळ दिले."

त्याच्या खांद्यावरच्या साळुंकीला मात्र सारे शाप तोंडपाठ होते. ती म्हणाली, "हिच्या पणजोबांच्या पहारेकऱ्यांनी तुम्हाला विनाकारण बडवले. तुम्ही त्या राजाला म्हणालात, तुझ्या वंशाच्या अंगातले पहारेकरीही असेच शत्रू नसता लढोत, आणि ते कुणाला खरे न वाटो."

"भारीच लागट बोललो की," धूम्रनाथ ओशाळला. "उतारा आहे. सर्पसरोवराच्या तळचा कडू कंद आण. विकटदंत राक्षसाच्या खलात तो कुटून घे. आणि तुझ्या बापाने आपले दुखणे भर दरबारात बोलून दाखवावे."

इंदुलेखा सरोवराशी पोचली ती लंगडतच. पाण्यातून महासर्प वर आला. "चाल अशी का?"

"गुडघे सुजलेत."

"मला गुडघे नाहीत, म्हणून त्यातले काही कळत नाही," सर्प म्हणाला. "पण दुखत असेल तर तू काठावर बस. कंद मी आणतो."

राजकन्येला एकदम रडू आले. आजवर राजवाड्यात कुणी तिचे दुखणे इतके सहज मानले नव्हते.

राक्षसाच्या उंबऱ्यावर तिला ज्वराने गाठलेच. विकटदंताने तिला उचलले, आणि चटका बसून पुन्हा खाली ठेवले. "तापलेले माणूस मी खात नाही. जीभ पोळते. निवलीस की बघू." मग तो वाट बघत बसला. कपाळावर ओल्या घड्या ठेवल्या, पेज शिजवली, मेतकूट घालून भरवली. ती कण्हली की तो घुटमळे. झोपली की माशा वारी.

ज्वर उतरल्यावर ती म्हणाली, "निवले मी. खा आता."

"आता कसे खाऊ?" राक्षस वैतागला. "हाताने भरवलेय तुला!" आणि त्याने खल पुढे सरकवला.

कंदाचे चूर्ण पदराला बांधून ती दरबारात आली. राजा सिंहासनावर होता, भर उन्हाळ्यात शाल गुंडाळून, घामाने निथळत.

"महाराज, आपल्याला ज्वर आहे."

"आम्ही चिंतनात आहोत."

"बाबा," ती हळूच म्हणाली, "तुमचेही गुडघे दुखतात ना?"

राजाने शाल बाजूला सारली. "दुखतात," तो म्हणाला. "फार दुखतात. माझ्या वडिलांचेही दुखत. मला वाटले, मी उच्चारलेच नाही तर हे दुखणे तुझ्यापर्यंत यायचेच नाही. आले तेव्हा तोंड दाखवायची लाज वाटली. सगळे तुला ढोंगी म्हणत होते, आणि मी गप्प बसलो."

"मी एकटीच तशी आहे असे वाटायचे मला," इंदुलेखा म्हणाली. तिने त्याचा हात धरला. तोही ज्वरात तिचा तापे तसाच तापला होता.

खिडकीत साळुंकी येऊन बसली. "शाप उतरला!" तिने जाहीर केले. "म्हणजे, खरे न वाटण्याचा. निखारा रक्तातच आहे, तो जायचा नाही. कडू चूर्ण रोज सकाळी घ्या, म्हणजे बहुधा निजून राहील."

चूर्ण इतके कडू होते, की राजाला आधी गूळ दाखवावा लागे. राजवैद्य पालखी सोडून घोड्यावर बसायला शिकला. पहिल्या आठवड्यात तो तीनदा पडला. ज्वर क्वचितच येऊ लागला. तरी वसंतोत्सवाच्या ऐन दिवशी तो आलाच. द्वारपालाने खणखणीत आवाजात सांगितले, "राजकन्येला ज्वर आहे! नृत्य पुढच्या आठवड्यात!" लोक म्हणाले, "बरे," आणि जिलब्या खायला वळले.

इंदुलेखा सुजल्या गुडघ्यांखाली उशी घेऊन पडली होती. दुखत होतेच. पण कुणाला काही पटवून द्यायचे नव्हते. ती कुशीवर वळली आणि निवांत झोपी गेली. तसेच निवांतपण ज्याला त्याला लाभो.