पाहुणीचा अर्धा पेला

एकदा एक बाई आपल्या सख्ख्या थोरल्या बहिणीला घाबरली. हसू नका. वाघाला घाबरणं सोपं असतं. त्यानं लहानपणी आपल्या वेण्या घातलेल्या नसतात.

बाईचं नाव रेणुका. वय पंचेचाळिशीच्या आतबाहेर, वडिलांच्या पश्चात त्यांच्याच घरात एकटी राहणारी. थोरली शैलजा लग्न होऊन दूर नागपूरकडे गेलेली. तिला ही अक्का म्हणायची. म्हणायची असं म्हणतो, कारण वर्षाहून अधिक काळ दोघींत शब्दही नव्हता, आणि त्याला कारणही तसंच होतं. वडील, म्हणजे आप्पा, नऊ दिवस इस्पितळात होते. त्याच दिवसांत अक्काच्या मुलाची बारावीची परीक्षा चालू होती. रेणुकेनं मनाशी ठरवलं, पोराचे पेपर होऊन जाऊ देत, तोवर आप्पा घरी येतील, मग सावकाश कळवू. आप्पा घरी आले नाहीत. नवव्या दिवशी गेले. कळताच अक्का मिळेल त्या गाडीनं धावत आली, पण गल्लीतली वडीलधारी मंडळी थांबायला तयार झाली नाहीत. ती दारात उतरली तेव्हा सगळं उरकलेलं होतं. बापाचं तोंड तिला दिसलं नाही.

त्या दिवशी ती एक शब्द बोलली नाही. आली तशी गेली. आणि आता मे महिन्यात तिचा निरोप आला: रविवारी दुपारी येते, मला जे बोलायचं ते तुझ्या तोंडावर बोलते, आणि मग माझं माहेर संपलं.

ज्या बाईनं माहेर संपलं असं म्हटलं, ती किती दुःखात असेल याचा विचार करा. आणि जिच्या घराला ती माहेर म्हणत होती, तिची झोप उडाली असेल तर नवल नाही. रेणुकेला ह्या जगात रक्ताचं माणूस एवढं एकच उरलं होतं.

रेणुकेला एक गुरू होते. गुरू म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर दाढी आणि कमंडलू आला असेल, तर तो खाली ठेवा. हे नाना कोष्टी. ऐंशीच्या घरातला माणूस. चाळीस वर्षं गोटीसोड्याचा कारखाना चालवून ते आता घरी बसले होते. रेणुकेला घराच्या पुढच्या खोलीत शीतपेयांचं दुकान टाकायचं होतं, म्हणून ती त्यांच्याकडे सरबतं आणि सोडे करायला शिकत होती. नाना शिकवताना फार बोलत नसत. चुकलं की नुसतं बघत, आणि ते बघणं पुरे होई.

त्या आठवड्यात रेणुकेनं दोन तयाऱ्या केल्या. पहिली म्हणजे उत्तरांची. आपण अक्काला का कळवलं नाही, याची तिनं वहीत कारणं लिहून काढली. डॉक्टर काय म्हणाले होते, पोराची परीक्षा कशी होती, आप्पा तिसऱ्या दिवशी कसे उठून बसले होते, अशी एकूण अकरा. एकही खोटं नव्हतं. तिनं ती पाठ केली आणि नानांना म्हणून दाखवली. नानांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि सगळं पाठ झालंय ना, एवढंच विचारलं. झालंय, म्हणाली.

दुसरी तयारी पाहुणचाराची. अक्का ह्या घरात जेवणार नाही, चहाही घेणार नाही, हे रेणुकेला ठाऊक होतं. पण दोघी लहान असताना आप्पा मे महिन्यात एक गंमत करीत. उंच काचेच्या पेल्यात थोडं आल्याचं सरबत, वर गारेगार सोडा आणि त्यात व्हॅनिला आइस्क्रीमचा गोळा. शहरात त्याला फ्लोट म्हणतात; ह्या घरात नावच नव्हतं, नुसतं 'ते' म्हणत. ते पुढे केलं तर अक्काला नाही म्हणवणार नाही, असं हिला वाटलं.

शनिवारी तिनं नानांसमोर करून पाहिलं. पेला काठोकाठ भरला, गोळा सोडला, आणि फेस असा उसळला की टेबल, चादर, खाली फरशी, सगळं चिकट झालं. आइस्क्रीमच वाईट आहे, रेणुका वैतागून म्हणाली. दुकानदाराला नावं ठेवली. गोळा लहान करून पुन्हा पाहिलं, पुन्हा तेच. पेला कमी भरावा हे तिला सुचलं नाही असं नाही हो. सुचलं. पण आपल्याकडे पाहुण्याला अर्धा पेला देतात का? आपण बशीत सांडेपर्यंत चहा ओततो, तेव्हा कुठे पाहुण्याचा मान राखला असं वाटतं. आधीच रुसून आलेल्या बहिणीपुढे अर्धा पेला ठेवायचा, म्हणजे आल्या पावली परत जा, असंच सांगायचं. सांडलं तर सांडू दे, पण अर्धा नको, असं म्हणून तिनं एक मोठा ट्रे काढून ठेवला.

रविवार उजाडला. रेणुकेनं सोबतीला बोलावलेले नाना दुपारी येऊन कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले होते. दोन वाजता अक्का आली. चप्पल दारात काढली, पण पिशवी खांद्यावरून उतरवली नाही. नानांना तिनं वाकून नमस्कार केला. लहानपणी त्यांच्याच कारखान्यातून दोघी सोडा आणायच्या. बहिणीकडे पाहिलं नाही. भिंतीवर आप्पांचा हार घातलेला फोटो होता, तिकडेही पाहिलं नाही. रेणुकेला आपलं पहिलं कारण आठवेना.

ती आत गेली आणि ट्रे घेऊन आली. सोड्याचे दोन पेले काठोकाठ भरलेले, शेजारी आइस्क्रीमचा डबा. तिनं ट्रे टेबलावर ठेवला, तेवढ्यात नाना उठले. अक्कापुढचा पेला त्यांनी उचलला, मोरीपाशी गेले, आणि पाहुणीच्या देखत त्यातला निम्मा सोडा ओतून दिला. मग तो अर्धा पेला परत आणून अक्कासमोर ठेवला.

रेणुकेच्या मनात आलं, ज्या माणसावर एवढी श्रद्धा ठेवली, त्यानंच असं करावं? अक्काचा चेहरा लाल झाला. ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "बरोबर आहे, नाना. ह्या घरात माझ्या वाट्याला अर्धंच यायचं."

नानांनी रेणुकेला खुणेनं सांगितलं, गोळा सोड. तिनं अक्काच्या पेल्यात सोडला. फेस चढू लागला. चढत चढत काठापाशी आला, आणि थांबला. एक थेंब बाहेर पडला नाही. मग त्यांनी रेणुकेच्या भरलेल्या पेल्याकडे बोट केलं. तिनं त्यातही गोळा सोडला. तो फेस ट्रेमधून टेबलावर आणि टेबलावरून फरशीवर आला, आणि फडकं आणायला ती आत पळाली.

नाना तिच्यामागे स्वयंपाकघरात गेले. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. नाना, तुम्ही माझी पार लाज घालवलीत, ती म्हणाली.

नाना म्हणाले, "काल सांडलं तेव्हा तू आइस्क्रीमला शिव्या दिल्यास. पोरी, आइस्क्रीम पडलं की फेस यायचाच. त्यात त्याचा काय गुन्हा? जागा ठेवणं भरणाऱ्याच्या हातात असतं. बाहेर तुझी बहीण वर्षभराचं दुःख घेऊन बसलीय. ती बोलेल, तेव्हा उसळेल. आणि तू अकरा कारणांनी काठोकाठ भरून बसलीयस. तिचं ते मावायचं कुठं? जा, अर्धी रिकामी होऊन बस."

एवढंच. आम्ही प्रवचनकार हेच सांगायला दोन तास आणि एक माईक घेतो. नानांनी चपला घातल्या आणि ते मागच्या दारानं घरी गेले.

रेणुका फडकं घेऊन बाहेर आली, फरशी पुसली आणि बहिणीसमोर बसली. आणि अक्का बोलू लागली. काय काय बोलली, ते सगळं सांगण्यासारखं नाही. तू स्वतःला कोण समजतेस, म्हणाली. आप्पा तुझ्या एकटीचे होते का, म्हणाली. पोराचा पेपर बापापेक्षा मोठा, हे तू ठरवणारी कोण? रेणुकेच्या घशाशी चौथं कारण आलं. "अगं, पण डॉक्टर..." तिच्या तोंडून निघालंच, आणि तिनं ते तिथेच गिळलं. हे गिळणं किती कठीण, ते ज्यांनी कधी भांडण केलंय त्यांना सांगायला नको.

"त्या दूधवाल्यानं पाहिलं आप्पांना," अक्का म्हणाली. "कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यानं पाहिलं. सगळ्या गल्लीनं पाहिलं. मी नाही पाहिलं."

आणि ती उठून उभी राहिली. आता ती जाणार, हे रेणुकेला स्पष्ट दिसलं. अकराच्या अकरा कारणं जिभेवर येऊन उभी राहिली. एखादं तरी लागू पडेल, अडवावं हिला, असं आतून कुणीतरी ओरडत होतं. तिनं एकही काढलं नाही.

"बस, अक्का," ती म्हणाली. "राहिलेलं पण बोल."

अक्का उभीच होती. मग बसली. आणखी बोलली, पण आता आवाज खाली येत गेला, मध्ये मध्ये थांबू लागला. रेणुका नुसती ऐकत होती. शेवटी अक्काजवळचं बोलणं संपलं. मग पदराच्या टोकाशी चाळा करीत, बहिणीकडे न बघता अक्कानं विचारलं, "कसे दिसत होते गं?"

वहीतल्या अकरा कारणांत ह्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. वर्षभर अक्काला एवढंच विचारायचं होतं, आणि विचारायला जागा मिळाली नव्हती.

रेणुका म्हणाली, "दाढी वाढली होती. त्यांना आवडायची नाही ना तशी. गेले त्या दिवशी सकाळी मीच केली. हात थरथरत होता माझा, गालावर जरासं कापलं. आप्पा नुसते माझ्याकडे बघत राहिले. ती खूण शेवटपर्यंत होती." मग म्हणाली, "तुला बोलवायला हवं होतं, अक्का. माझं चुकलं."

अक्कानं पहिल्यांदाच मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"कुठल्या गालावर?"

रेणुकेनं हात पुढे केला आणि अक्काच्या उजव्या गालाला, कानाच्या जरा खाली, बोट लावलं.

"इथं."

अक्कानं तो हात तिथेच धरून ठेवला.