पिवळा वस्तरा, निळा कोयता

लोखंडाला वाचा होती तेव्हाची गोष्ट. सयाजी लोहाराने पोलादाच्या एकाच पट्टीतून एक वस्तरा आणि एक कोयता घडवला. दोघांना लालबुंद तापवून पाण्यात बुडवलं. दोघे कडक झाले, मिजाशीत आले. तेवढ्यात सयाजीने त्यांना पुन्हा मंद निखाऱ्यांवर ठेवलं.

"आत्ताच तर गार केलंत! आता परत कशाला?" कोयता गोंधळला.

वस्तऱ्यावर वाळल्या गवतासारखा पिवळा रंग चढला, तसं सयाजीने त्याला उचललं. कोयता पिवळा झाला, तांबूस झाला, तरी निखाऱ्यांवरच.

"बाबा, माझं काय चुकलं?"

"काही नाही. गप पड."

"मग याला का उचललंत?"

"त्याचं झालं."

कोयत्याला काही उमजेना. पार निळा झाल्यावर त्याची सुटका झाली.

"हुशारांना एवढी आच लागत नाही," वस्तरा हसला आणि तोऱ्यात शेजारच्या नारळावर झेपावला. नारळ तसाच राहिला, वस्तऱ्याच्या धारेचा मात्र टवका उडाला. मग सयाजीने कोयता उचलून एक घाव घातला. नारळाची दोन शकलं झाली.

"तुला दाढीसाठी केलं होतं रे, धार कडक राहावी म्हणून थोडंच तापवलं; घाव सोसायला जास्त आच लागते," म्हणत सयाजीने वस्तरा पुन्हा भट्टीत घातला.

"कोयत्या, आता मला किती वेळ ठेवणार?" वस्तरा रडकुंडीला आला.

"ते मला अजून कळलेलं नाही," कोयता म्हणाला. "पण आपण तापत असताना बाबांची नजर आपल्यावरून हटत नाही, पापणीही लवत नाही, एवढं मी पाहिलंय."