हळदीतली पिवडी

भेसळ करणाऱ्या व्यापाऱ्याची ही कथा निरनिराळ्या मालाभोवती सांगितली जाते. खाडीकाठच्या पाठात माल मिठाचा असतो आणि त्यात वाळू मिसळली जाते; डोंगराकडच्या पाठात मध असतो आणि त्यात गुळाचा पाक. या दोन्ही पाठांत व्यापाऱ्याला शासन होते आणि कथा तिथेच थांबते. हळदीच्या मुलखातला पाठ वेगळा आहे. तिथे शासन व्यापाऱ्याच्या मुलीला भोगावे लागते, आणि त्याचे कारण लग्नातल्या एका रिवाजात आहे. नवऱ्या मुलाला लावून उरलेली हळद, म्हणजे उष्टी हळद, नवरीच्या अंगाला लावतात. हा रिवाज नसता तर ही कथा अशी घडलीच नसती. सांगणाऱ्या काही आज्या शेवटी मुलीला भिंतीसारखी थिजलेलीच ठेवतात. चंद्राक्का आजींनी तसे केले नाही. मुले अंथरुणात शिरल्यावर त्या सांगत, तो पाठ पुढे दिला आहे.

एकदा काय झालं, एका गावात हळदीचा एक व्यापारी होता. त्याचं नाव सातप्पाशेट. गाव मोठं, बाजार मोठा, आणि जमिनीखाली हळद साठवायची मोठाली पेवं. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं कोठार, बरं का. तोंड लहान, पोट मोठं. सातप्पाशेटची हळद अशी, की चिमूटभर टाकली तरी आमटीला सोन्याचा रंग यायचा.

मग एका वर्षी पाऊस आला नाही. हळदीचे गड्डे बोटाएवढेच निघाले. पेव अर्धंच भरलं. गिऱ्हाईक मात्र तेवढंच राहिलं. गावामागं एक टेकडी होती, तिथं पिवडी निघायची. पिवडी म्हणजे पिवळी माती. बायका ती भिंतींना लावायला न्यायच्या. शेटनं तिथून पाटीभर पिवडी आणली, चाळली आणि हळदीत मिसळली. कुणाला कळलं नाही. मग पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला. हळद भरपूर पिकली. पण पिवडी काही थांबली नाही. गाव ती खात होता, पोटं जड होत होती, आणि जो तो म्हणत होता, आपलं वय झालं.

शेटला एकच मुलगी, कस्तुरा. तिचं लग्न ठरलं. तेव्हा शेटनं एक हंडा चोख हळदीनं भरून माजघरात ठेवला.

त्याची बायको गिरजाबाई म्हणाली, "ही वेगळी का काढली?"

"ही घरची."

"मग दुकानातली कुणाची?"

शेटनं हंड्यावर झाकण ठेवलं.

मग काय झालं, तुळसा नावाची एक मोळीवाली दुकानात आली. तिच्या लेकीच्या पायाला विळा लागला होता. तुळसानं जखमेत हळद दाबली होती, आणि जखम भरून येण्याऐवजी पाय भिंतीसारखा टणक झाला होता.

"शेट, बोट वाकत नाही हो पोरीचं," ती म्हणाली.

"पोरीनं पाय चिखलात घातला असेल. सगळा गाव हीच हळद वापरतो. तुझ्याच पोरीचा पाय कसा थिजला?"

तुळसा परत गेली.

मग खंडोबाच्या देवळातला गुरव आला. तो म्हणाला, "शेट, तुमच्याकडचा भंडार उधळला आणि देवाचे डोळे लिंपून गेले. पुसला तरी निघत नाही."

"गुरव, देवाला रोज आंघोळ घालता ना? की सणालाच?"

दुकानातली माणसं हसली. गुरव मान खाली घालून गेला.

मग हळदीचा दिवस आला. मांडव पाहुण्यांनी भरला. कस्तुरा पाटावर बसली. आणि नवऱ्याच्या गावाहून बायका उष्टी हळद घेऊन आल्या. ते ताट पाहिलं मात्र, शेट ताडकन उठला. जन्मभर हळद विकली, पण ही रीत त्याच्या ध्यानातच आली नव्हती. बायकांचं काम म्हणून त्यानं कधी तिकडं पाहिलंच नव्हतं. तो पुढं झाला आणि म्हणाला, "थांबा. आमच्या घरात चोख हळद आहे. तीच लावा."

नवऱ्या मुलाची आत्या ताट घेऊन उभी होती. ती म्हणाली, "असं कसं, व्याहीबुवा? नवरदेवाची उष्टी लागल्याशिवाय नवरी होते का? आणि ही का परकी आहे? तुमच्याच दुकानातली आहे. वहिनी म्हणाल्या, मुलीच्या बापाकडूनच आणा, तिथं खोट नसायची."

एक वाक्य बोलायचं होतं, मुलांनो. एवढंच, की यात माती आहे. पण मांडव भरलेला होता. शेट गप्प राहिला.

बायकांनी हळद लावली. पावलांना लावली, हातांना लावली, गालांना लावली. हळद वाळली आणि कस्तुरा थिजली. पाय हलेनात. डोळे मिटेनात. ओठ उघडेनात. तेवढ्यात नवऱ्याच्या गावाहून माणूस धावत आला. नवरदेवही पाटावर बसल्या जागी भिंतीसारखा झाला होता.

"आजी, कस्तुरानं काय केलं होतं गं?"

काही नाही, बाळा. तिनं काहीच केलं नव्हतं.

मग शेटनं तिच्यावर पाणी ओतलं. दूध ओतलं. हंड्यातली चोख हळद आणून चोळली. कशानं काही झालं नाही. गिरजाबाई लेकीच्या छातीला कान लावून बसली. श्वास होता, पण मंद मंद होत चालला होता. मग कस्तुराच्या आतून कोरडा आवाज आला. तो कस्तुराचा नव्हता.

"मी टेकडीवरची पिवडी. मला भिंत होता येतं, दुसरं काही येत नाही. तू मला हळद म्हणालास. मला जखम भरता आली नाही, नवरी सजवता आली नाही. जिथं जिथं मला दिलंस, तिथं जा आणि मला माझ्या नावानं हाक मार."

शेट अनवाणीच निघाला. आधी तो तुळसाच्या दारात गेला. म्हणाला, "तुळसा, मी तुला दिली ती हळद नव्हती. पिवडी होती."

तुळसा म्हणाली, "मी सांगत होते तेव्हा कान कुठं होते?"

पण पोरीच्या पायाची खपली गळून पडली, आणि इकडं कस्तुराची पावलं मोकळी झाली.

मग तो देवळात गेला. गुरवाच्या पायांशी बसला आणि सगळ्या गावादेखत म्हणाला, "भंडार नव्हता, पिवडी होती."

गर्दीतून एक म्हातारा म्हणाला, "आणि आमच्या पोटात?"

"तिथंही तीच."

गावाची पोटं हलकी झाली. देवाचे डोळे उघडले, आणि इकडं कस्तुराच्या डोळ्यांतून पाणी आलं.

मग तो व्याह्यांच्या दारात गेला. हे दार सगळ्यांत अवघड, बरं का. आत नवऱ्या मुलाची आई मुलाचा थंड हात धरून बसली होती. शेट म्हणाला, "विहीणबाई, लग्न मोडायचं तर मोडा. हळदीत पिवडी होती. मी घातली. उष्टी हळद आली तेव्हाही मला ठाऊक होतं, आणि मी बोललो नाही."

ती म्हणाली, "तुमच्या नावावर आणली हो आम्ही."

एवढंच म्हणाली. पण तिच्या हातातला हात ऊन झाला. नवरदेवानं मोठा श्वास घेतला, आणि तिकडं मांडवात कस्तुरानं आईला हाक मारली.

लग्न मोडायचं की नाही, यावर दोन्ही घरं दिवसभर बोलत बसली. शेवटी विहीणबाई म्हणाल्या, "कस्तुराला विचारा." कस्तुरा म्हणाली, "हळद माझ्यासमोर दळा."

मग गावातल्या बायकांनी आपापल्या परसातली हळकुंडं आणली. मांडवात जातं मांडलं. सगळ्यांसमोर हळद दळली. ती आधी नवरदेवाला लागली, मग उष्टी होऊन कस्तुराला लागली. अक्षता पडल्या. कस्तुरा सासरी गेली आणि सुखानं नांदली. सातप्पाशेटनं पेव उपसलं आणि पाटी डोक्यावर घेऊन सगळा माल टेकडीवर नेऊन टाकला. झालं. निजा आता, मी दिवा मालवते.